१२,३४,५६,७८९ या संख्येचे गुणधर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी, आणि संगणकात टाकताना काय सांभाळायचं?

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. नऊ अंकी विषम संख्या. तीन-तीन अंकांचे गट पाडले तर तीच संख्या १२३,४५६,७८९ अशी दिसते. स्वल्पविराम कुठेही दिले तरी संख्या बदलत नाही. मात्र प्रोग्रॅममध्ये किंवा डेटा फाइलमध्ये टाकताना स्वल्पविराम काढून टाका. अनेक ठिकाणी स्वल्पविराम म्हणजे दोन नोंदींमधली सीमा असते, आणि मग एका संख्येऐवजी १२, ३४, ५६ आणि ७८९ अशा चार संख्या आत जातात. खालच्या उत्तरांत जिथे अंकांचा नमुना बघायचा आहे तिथे स्वल्पविराम मुद्दाम गाळले आहेत.

अंक ओळीने आले आहेत, एवढंच तिचं वैशिष्ट्य ना?

नाही. आधी एक फरक लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे असतात: तिचे मूळ अवयव, विभाजक, ती दोन वर्गांची बेरीज होते की नाही. ती कोणत्याही पद्धतीने लिहा, हे बदलत नाहीत. काही गुणधर्म मात्र दशमान पद्धतीत ती कशी लिहिली जाते याचे असतात: अंकांची बेरीज, अंकांचा क्रम, उलटी केल्यावर काय होतं. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली की हे दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म उरत नाहीत. या संख्येबद्दल जे फिरत असतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारातलं. पण पहिल्या प्रकारातही तिच्यात भरपूर काही आहे, आणि खरी गोडी तिथेच आहे.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. ही कसोटी चालते कारण १०, १००, १००० या प्रत्येकाला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. त्यामुळे संख्येची बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी एकच येते.

यातूनच पुढची गोष्ट निघते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या बनतात. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५ च, म्हणून सगळ्या ९ ने विभाज्य, आणि म्हणून त्यांत एकही मूळ संख्या नाही. कितीही शोधलं तरी सापडणार नाही. आपली संख्या या सगळ्यांत लहान.

२७, ७, ११, १३, ३७ ने भाग जातो का? प्रत्येकाने भागत बसावं लागतं का?

प्रत्येकाने भागायची गरज नाही. तीन-तीन अंकांचे गट करा: १२३, ४५६, ७८९.

गट उजवीकडून आलटून पालटून वजा-अधिक करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. हे चालतं कारण १००१ = ७ × ११ × १३. आता ४५६ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १. म्हणजे तिघांपैकी कोणीच भाग देत नाही.

आता गटांची सरळ बेरीज घ्या: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, त्यातून ९९९ वजा करून ३६९. इथे ९९९ = २७ × ३७ चा उपयोग होतो. ३६९ ला २७ ने भागून बाकी १८, ३७ ने बाकी ३६. म्हणजे ९ ने भाग जातो, २७ ने जात नाही, आणि मूळ अवयवांत ३ नेमका दोनदा येतो.

मग सगळे मूळ अवयव कोणते? हाताने काढता येतात का?

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

हाताने येतात, आणि तेही चार पायऱ्यांत. नेहमीच्या पद्धतीने ३ दोनदा काढल्यावर ५, ७, ११, १३ असं पुढे जात राहिलात तर ३६०७ पर्यंत पोहोचावं लागेल, आणि ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या आहे. म्हणजे जवळपास पाचशे भागाकार. त्याऐवजी सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत वापरा: संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात मांडायची. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब), त्यामुळे असा फरक सापडला की अवयव हाती आलेच.

वर्गमूळ सुमारे ११,१११.११, म्हणून अ ची सुरुवात ११,११२ पासून.

अ = ११,११२ : अ² मधून आपली संख्या वजा केली की १९,७५५. वर्ग नाही. ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो.
अ = ११,११३ : ४१,९८०. वर्ग नाही. शेवटी एकच शून्य असलेला वर्ग नसतो.
अ = ११,११४ : ६४,२०७. वर्ग नाही. ७ ने कोणताच वर्ग संपत नाही.
अ = ११,११५ : ८६,४३६. हा २९४ चा वर्ग.

म्हणून अवयव ११,११५ − २९४ = १०,८२१ आणि ११,११५ + २९४ = ११,४०९. दोन्ही ३ ने विभाज्य: १०,८२१ = ३ × ३६०७ आणि ११,४०९ = ३ × ३८०३.

दर वेळी नवा वर्ग करत बसू नका. लागोपाठच्या वर्गांतला फरक २-२ ने वाढतो, म्हणून १९,७५५ मध्ये २२,२२५ मिळवा, मग २२,२२७, मग २२,२२९. वर्ग आहे की नाही हेही आधी शेवटच्या दोन अंकांवरून तपासा. इथे तिन्ही चुकीचे उमेदवार वर्गमूळ न काढताच बाद झाले.

फर्माची पद्धत नेहमीच इतकी झटपट चालते का?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती झटपट चालते. इथे १०,८२१ आणि ११,४०९ वर्गमूळाच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत होते.

उलट उदाहरण म्हणून ९८,७६,५४,३२१ घ्या. ९ काढल्यावर उरतात १०,९७,३९,३६९, आणि ही संख्या म्हणजे १७ × १७ × ३,७९,७२१. साध्या भागाकाराने १७ लगेच सापडतो. फर्माच्या पद्धतीने मात्र १०,४७६ पासून १,९०,००५ पर्यंत जावं लागतं, म्हणजे १,७९,५३० पायऱ्या. म्हणून आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहा, मग थोडा वेळ फर्माची पद्धत चालवा, आणि तरीही जमलं नाही तर परत भागाकाराकडे वळा. गुप्तलेखनात मोठ्या मूळ संख्यांची जोडी निवडताना त्या एकमेकांच्या फार जवळ नसाव्यात असा नियम असतो, तोही याच कारणाने.

३६०७ आणि ३८०३ यांचे आणखी अवयव पडत नाहीत, याची खात्री कशी करायची?

वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून. ३६०७ चं वर्गमूळ ६०.०६, म्हणून २ पासून ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्या तपासायच्या. ३८०३ चं वर्गमूळ ६१.६७, म्हणून ६१ सुद्धा घ्यायची, एकूण १८. सगळीकडे बाकी उरते. शेवटच्या ओळी अशा: ५९ × ६१ = ३५९९, म्हणून ३६०७ ला ५९ ने भागून बाकी ८; ६१ × ६२ = ३७८२, म्हणून ३८०३ ला ६१ ने भागून बाकी २१.

नेहमीची चूक म्हणजे एक-दोन मूळ संख्या आधीच थांबणं. ३५९९ याच टापूतली आहे. जो ५३ वर थांबेल तो तिला मूळ ठरवून मोकळा होईल, आणि ती तर ५९ × ६१ आहे.

विभाजक किती आणि कोणते?

बारा. १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि ती स्वतः.

संख्या मोजायची रीत अशी: मूळ अवयवांचे घातांक २, १, १. प्रत्येकात १ मिळवा, मग गुणा: ३ × २ × २ = १२. एक मिळवायचा तो ‘हा अवयव अजिबात घेतला नाही’ या पर्यायासाठी. तो मिळवायचा राहिला की उत्तर २ येतं, आणि ते दिसताक्षणी चूक आहे, कारण दोनच विभाजक फक्त मूळ संख्येला असतात.

ती परिपूर्ण संख्या आहे का?

नाही. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी. इथे सगळ्या विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. ही बेरीज आपल्या संख्येच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे ती न्यून संख्या झाली, आणि परिपूर्णतेच्या आसपासही नाही.

तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान अशा संख्या किती?

८,२२,६०,०७२. ऑयलरच्या सूत्राने ६ × ३६०६ × ३८०२. यातला ६ नीट पाहा: ३² साठी ३ × (३ − १) = ६ घ्यायचा असतो. पुष्कळ जण (३ − १) चा वर्ग करून ४ घेतात आणि ५,४८,४०,०४८ असं उत्तर काढतात. ते चूक हे ताडून पाहता येतं. एकूण संख्यांपैकी एक-तृतीयांश ३ च्या पटीत असल्यामुळे बाद होतात, आणि ३६०७ व ३८०३ च्या पटी त्या मानाने फारच थोड्या. म्हणून उत्तर दोन-तृतीयांशाच्या जरासं खाली यायला हवं. ८ कोटी २२ लाख तिथे बसतं, साडेपाच कोटी बसत नाही.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे यायला हवी ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि गैरसमजही इथेच जास्त आहे. ‘४ ने भागून बाकी १ असेल तर दोन वर्गांची बेरीज होते’ हा नियम मूळ संख्यांसाठी आहे. संयुक्त संख्येचे आधी अवयव पाडावे लागतात. नियम असा: ४ ने भागून बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आलाय, तिथे अडचण नाही. पण ३६०७ ला ४ ने भागून बाकी ३, ३८०३ ला भागूनही बाकी ३, आणि दोघेही एकेकदाच आले आहेत. म्हणून दोन वर्गांची बेरीज अशक्य. दोघांचा गुणाकार ४ ने भागून बाकी १ देतो (३ × ३ = ९), त्यामुळे वरवर पाहता फसायला होतं.

काटकोन त्रिकोणाचं उत्तरही यातच आहे. १२,३४,५६,७८९ हा पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण कधीच होऊ शकत नाही, कारण त्यासाठी ४ ने भागून बाकी १ देणारा निदान एक मूळ अवयव लागतो. कर्ण सोडून उरलेल्या दोन बाजूंपैकी एक मात्र ती २२ प्रकारे होते.

मग तीन वर्गांची बेरीज?

होते. कोणत्या संख्या तीन वर्गांत बसत नाहीत हे लजाँद्र या गणितज्ञाने सांगितलं आहे: ४ ने भाग जाईल तितक्या वेळा भागल्यावर जी उरते, तिला ८ ने भागून बाकी ७ आली तरच अशक्य. आपली संख्या विषम आहे आणि ८ ने भागून बाकी ५, म्हणून अडथळा नाही.

प्रत्यक्ष वर्ग शोधायला घेतले की एक सुंदर गोष्ट हाती लागते. सगळ्यांत मोठा वर्ग घ्या: ११,१११² = १२,३४,५४,३२१. वजा केले की उरतात २४६८. आता २४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ ही ४ ने भागून बाकी १ देणारी मूळ संख्या, म्हणजे ती दोन वर्गांत फुटणारच: १६² + १९² = २५६ + ३६१. प्रत्येक वर्गमूळ दुप्पट करा, झालं:

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३२² + ३८²

दोन वर्गांचा फरक म्हणून किती प्रकारे?

सहा. विषम संख्येच्या विभाजकांची प्रत्येक जोडी एक प्रकार देते, आणि बारा विभाजकांच्या जोड्या सहा. सगळ्यांत लहान वर्ग देणारी जोडी वर आलीच आहे: ११,११५² − २९४².

सलग संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

अकरा प्रकारे. विषम विभाजक जितके, तितके प्रकार. त्यांतला एक म्हणजे ती संख्या एकटीच, तो सोडायचा. दोन संख्यांचा प्रकार: ६,१७,२८,३९४ + ६,१७,२८,३९५. तीन संख्यांचा: ४,११,५२,२६३ मध्ये ठेवून अलीकडची आणि पलीकडची एकेक. सगळ्यांत लांब साखळी ११,४०९ संख्यांची आहे. मधली संख्या १०,८२१, दोन्ही बाजूंना ५७०४, म्हणजे ५११७ पासून १६,५२५ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज बरोबर १२,३४,५६,७८९ भरते.

९८७६५४३२१ ला १२३४५६७८९ ने भागलं की जवळजवळ ८ येतात. हा योगायोग आहे का?

मुळीच नाही. भागाकार ८.००००००० ७२९००००० ६६३… असा येतो. कारण पाहायचं तर दोन्ही संख्यांना ८१ ने गुणा.

१२३४५६७८९ × ८१ = ९९९९९९९९०९, म्हणजे १० अब्जांत ९१ कमी.
९८७६५४३२१ × ८१ = ८०००००००००१, म्हणजे ८० अब्ज आणि वर एक. इथे शून्यं मोजून घ्या: ८ नंतर नऊ शून्यं आणि शेवटी १, असे एकूण अकरा अंक, ८०,००,००,००,००१.

८० अब्जांना १० अब्जांनी भागलं की ८ येणारच. उरलेला फरक ८०,००,००,००,००१ − ८ × ९,९९,९९,९९,९०९ = ७२९, म्हणजे ९ चा घन. दशांश चिन्हानंतर दिसणारे ७२९ इथून येतात.

सोप्या रूपात १२३४५६७८९ × ८ + ९ = ९८७६५४३२१. या समीकरणावरून मसावि सुद्धा लगेच मिळतो. दोघांना भाग देणारी कोणतीही संख्या ९ लाही भाग देईल, आणि ९ दोघांना भाग देतो, म्हणून मसावि ९. दोघांची बेरीज ११११११११११ पेक्षा एकाने कमी, म्हणजे १११११११११०.

२ ने गुणलं तरी तेच नऊ अंक येतात असं म्हणतात. कुठवर?

२४६९१३५७८, ४९३८२७१५६, ६१७२८३९४५, ८६४१९७५२३, ९८७६५४३१२ हे अनुक्रमे २, ४, ५, ७, ८ ने केलेले गुणाकार. प्रत्येकात १ ते ९ एकेकदा. पुढे १०, ११, १३, १४, १६, १७ ने गुणा, तर दहाही अंक एकेकदा येतात. उदाहरणार्थ १७ पट म्हणजे २०९८७६५४१३.

३, ६, ९, १२, १५ ने मात्र हे बिघडतं: तिप्पट ३७०३७०३६७, सहापट ७४०७४०७३४. कारण पुन्हा ८१ मध्येच आहे. १०/८१ चा दशांश ०.१२३४५६७९०१२३… असा नऊ अंकांनी आवर्ती आहे. तिप्पट केला की ३ छेदाला जाऊन १०/२७ उरतो, आणि त्याची आवृत्ती तीनच अंकांची, ०.३७०३७०… असली की अंक परत परत येणारच.

१२३४५६७९ × ९ = १११११११११, पण माझं उत्तर तसं येत नाही.

त्या गुणाकारात ८ हा अंक नाही, आणि ती आठ अंकी वेगळीच संख्या आहे. आपल्या नऊ अंकी संख्येची नऊपट ११११११११०१ येते. त्यात १० मिळवले की दहा एक मिळतात.

१ ला या संख्येने भागलं तर दशांश कुठे परत सुरू होतो?

६८,५५,००६ अंकांनंतर. हे भागाकार न करता काढता येतं. प्रत्येक मूळ अवयवासाठी १० चा कितवा घात बाकी १ देतो हे शोधायचं. ९ साठी १. ३८०३ साठी १९०१, आणि ३६०७ साठी पूर्ण ३६०६. १९०१ ही मूळ संख्या आहे आणि ३६०६ = २ × ३ × ६०१, म्हणून लसावि म्हणजे थेट गुणाकार: ३६०६ × १९०१ = ६८,५५,००६. संख्येत २ किंवा ५ हा अवयव नाही, म्हणून आवृत्ती दशांश चिन्हानंतर लगेच सुरू होते.

३६०७ चं तपासताना पूर्ण ३६०६ पर्यंत जायची गरज नसते. घातांक ३६०६ चा विभाजकच असतो, म्हणून मोजकेच विभाजक तपासायचे. १० चा १२०२ वा घात ३६०७ ने भागला की बाकी १३९९ येते, १ नाही. १० हा ३६०७ च्या बाबतीत वर्गशेष नाही (म्हणजे कोणत्याही वर्गाला ३६०७ ने भागून बाकी १० येत नाही), त्यामुळे विषम विभाजक आधीच बाद. उरलेले २ आणि ६ तर ९९ आणि ९,९९,९९९ पाहूनच निकालात निघतात.

संगणकात ही संख्या १२३४५६७९२ अशी का दिसते?

ती ३२ बिटांच्या दशांश (float) प्रकारात साठवली असेल. द्विमान पद्धतीत तिचं रूप असं आहे:

१११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१

एकूण २७ बिट, त्यांत १६ एक. त्या दशांश प्रकारात अचूक जागा २४ बिटांचीच असते. ३ बिट कमी पडतात, म्हणून या आकाराच्या संख्यांपैकी फक्त ८ च्या पटीच साठवता येतात. जवळच्या पटी १२३४५६७८४ आणि १२३४५६७९२. दुसरी ३ ने दूर, पहिली ५ ने, म्हणून दुसरी निवडली जाते. ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारात ती आरामात बसते, तिथली मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे.

वर्ग करताना आणखी गडबड होते. बरोबर उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत तेच …५२० येतं, कारण ५३ बिटांपलीकडे विषम संख्या साठवताच येत नाही. १५ सार्थ अंक दाखवणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये …५०० दिसतं. ३२ बिटांच्या पूर्णांकात तर उत्तर मावतच नाही आणि भलतीच संख्या येते. ६४ बिटांचा पूर्णांक घ्या, किंवा पायथनसारखी कितीही मोठे पूर्णांक जसेच्या तसे ठेवणारी भाषा वापरा.

असं चुकलेलं उत्तर ओळखायचं कसं?

बाकी जुळवून. संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गालाही गेला पाहिजे. बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज ६३, म्हणजे ठीक. …५२० ची ६२ आणि …५०० ची ६०, दोन्ही बाद. दोन अंकांची अदलाबदल मात्र ९ ची कसोटी पकडत नाही, त्यासाठी ११ ची लावा. संख्येची ११ ने बाकी ५, तिचा वर्ग २५, त्याची बाकी ३. वर्गाच्या अंकांची उजवीकडून आलटून पालटून अधिक-वजा बेरीज केली की ३ च आली पाहिजे. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले तर ही बेरीज नक्की बिघडते.

ती पूर्ण वर्ग, त्रिकोणी (१ + २ + ३ + … अशा बेरजेतून येणारी) किंवा अंकांच्या बेरजेने विभाज्य आहे का?

तिन्ही नाही. ती ११,१११ आणि ११,११२ यांच्या वर्गांच्या मध्ये पडते. आठपट करून १ मिळवला की ९८७६५४३१३ येतात, तो वर्ग नाही, म्हणून त्रिकोणी नाही. अंकांची बेरीज ४५, आणि शेवटचा अंक ९ असल्यामुळे ५ नेच भाग जात नाही, तर ४५ चा प्रश्नच नाही.

कोणत्या लहानात लहान संख्येच्या क्रमगुणिताला ही संख्या भाग देते?

३८०३ च्या. सगळ्यांत मोठा मूळ अवयव आल्याशिवाय भाग जाणार नाही, आणि तिथवर ९ आणि ३६०७ आधीच येऊन गेलेले असतात.

पहिले दोन अंक २ ने, पहिले तीन ३ ने, असं ९ पर्यंत जमतं का?

या क्रमात नाही. १२ ला २ ने भाग जातो, १२३ ला ३ ने, पण १२३४ ला ४ ने जात नाही. हेच नऊ अंक वापरून असं सगळं जमवणारी संख्या एकच आहे: ३८१६५४७२९. शोधताना पाचवा अंक आधी ठरतो, तो ५ च. मग सम जागी सम अंक, आणि विषम जागी विषम. तिसरा आणि चौथा मिळून होणारी संख्या ४ ने विभाज्य हवी, त्यामुळे चौथ्या जागी २ किंवा ६ च बसतो. खरी गाळणी ७ ने होते. ३८१६५४७ = ७ × ५,४५,२२१ ही पायरी स्वतः भागून पाहा, कारण बाकीच्या कसोट्या पार करणारे उमेदवार नेमके इथेच गळतात.